सोळाच्या खुणेवर चाळीस युनिट : वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

नोकरीला लागून सात महिने झाले होते, तेव्हा मी एका आजींना अडीचपट इन्सुलिन टोचलं.

जिल्ह्याच्या ठिकाणचं साठेक खाटांचं खाजगी हॉस्पिटल, बायकांचा मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटी. आजींना रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट मिक्स इन्सुलिन होतं आणि ते त्या घरून आणलेल्या पेनने घ्यायच्या. त्या रात्री पेनचं बटण अडकलं. मी डोकं चालवलं. पेन उघडून कार्ट्रिज काढलं, ट्रेमधली इन्सुलिनची सिरिंज घेतली, कार्ट्रिजमध्ये सुई घालून बरोबर सोळाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि पोटावर टोचलं. चार्टवर सही केली. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर आणि माझ्या मते डोसही बरोबर. कॉलेजात घोकलेले पाचही राइट पूर्ण झाले होते.

रात्री एकच्या सुमारास आजींचा मुलगा पळत आला. "सिस्टर, आई घामाने चिंब झालीय आणि मला ओळखतच नाहीये." ग्लुकोमीटरवर शुगर ३८. मी मशीन हातात धरून तशीच उभी. शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर आल्या, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "आधी शुगर वर आण. रडायचं ते सकाळी रड." ड्यूटी डॉक्टर आले, २५ टक्के डेक्सट्रोज १०० मिली शिरेतून गेलं आणि थोड्या वेळाने आजींनी मुलाला नावाने हाक मारली. मिक्स इन्सुलिनचा एक भाग बराच वेळ काम करत राहतो, त्यामुळे शुगर पुन्हा घसरू शकते. म्हणून १० टक्क्यांची ड्रिप लावून सकाळपर्यंत दर तासाला शुगर बघितली. सहा वाजता आजींनी चहा मागितला. बिनसाखरेचा.

रात्री आजी शुद्धीवर आल्या तेव्हाच सीनियर सिस्टरांनी विचारलं होतं, "कशाने दिलंस?" मी सांगितलं. त्यांनी दोन सिरिंजा आणून ट्यूबलाइटखाली माझ्यासमोर धरल्या.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. नेहमीच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १००. त्यामुळे सिरिंजाही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. मी लाल टोपणाची घेतली होती. तिच्यावरची सोळाची खूण म्हणजे ०.४ मिली. पण कार्ट्रिजमधल्या ०.४ मिलीत ४० युनिट असतात. खूण सोळाची, आत गेले चाळीस.

उलटी चूकही होते आणि ती जास्त लबाड आहे. व्हायल ४० ची, सिरिंज १०० ची घेतली, तर सोळाच्या खुणेवर जेमतेम साडेसहा युनिट जातात. रुग्णाला लगेच काही होत नाही. शुगर फक्त वरच राहते. राऊंडला डॉक्टर डोस वाढवतात, दुसऱ्या दिवशी आणखी वाढवतात. मग एखाद्या दिवशी दुसरी सिस्टर बरोबर सिरिंज घेते, तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच खरोखर पूर्ण जातो, आणि शुगर कोसळली की बिचारी बरोबर वागलेलीच अडकते. म्हणून सिरिंजवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचायचे. 'व्हायल म्हणजे ४०' असंही पाठ करू नका, काही इन्सुलिनच्या व्हायलही १०० च्या येतात. आणि कार्ट्रिजमध्ये सिरिंजची सुई घालायचीच नाही. पेन बिघडलं तर डॉक्टरांना सांगा, नवीन पेन किंवा व्हायल मागवा. जेवण दहा मिनिटं थांबेल.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून मेमो मिळाला. इनचार्ज सिस्टरांनी मात्र वेगळंच काम केलं. ट्रेमध्ये एकत्र पडलेल्या सिरिंजा दोन डब्यांत वेगळ्या केल्या. एका डब्यावर लाल चिकटपट्टी लावली, केशरी डबा इन्सुलिनच्या फ्रिजपासून लांब, कुलपाच्या कपाटात ठेवला. मी तिथे असेपर्यंत त्या वॉर्डात सिरिंजची अदलाबदल पुन्हा झाली नाही. मेमोचं म्हणाल तर तो अजून माझ्या फाइलीत आहे, त्याने कोणाचं काय भलं झालं ते ऑफिसलाच ठाऊक.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. दरम्यान दोन हॉस्पिटलं बदलली, आयसीयू केला, लेबर रूम केली, आता नवीन आलेल्यांना वॉर्ड शिकवते. जॉइन होणाऱ्या मुलामुलींना वाटतं, आपल्याला येत नाही म्हणून चूक होईल. माझ्या पाहण्यात तसं क्वचित घडतं. न येणारं औषध हातात आलं की नवीन मुलगी दहा जणांना विचारते. हात चुकतो तो रोजच्या, ओळखीच्या, 'हे काय, माहितीये' म्हणून उचललेल्या औषधावर. मी इन्सुलिन त्याआधी शेकडो वेळा दिलं होतं.

आता वॉर्डात पाय ठेवल्यापासून काय काय बघायचं ते सांगते. पुस्तकातल्या क्रमाने नाही, माझ्या अनुभवात जिथे जास्त घसरायला होतं त्या क्रमाने.

पहिली गोष्ट माणूस. आपल्याकडे कॉट नंबर म्हणजे रुग्ण, असं डोक्यात बसलेलं असतं. पण रुग्ण कॉट बदलतात. दुपारी पंख्याखालची कॉट रिकामी झाली की कोपऱ्यातल्या काकू आपली पिशवी उचलून तिथे जातात, आणि ओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना, हे कोणीच सांगत नाही. सरकारी वॉर्डात दोन कॉटच्या मध्ये जमिनीवर गादी टाकलेली असते, तिला नंबर कुठला? त्यात आडनावं. माझ्या वॉर्डात एकदा एकाच वेळी चार पाटील होते, त्यातले दोघे एकाच नावाचे, फरक फक्त वडिलांच्या नावाचा. म्हणून पूर्ण नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर, दोन्ही, मनगटावरच्या पट्टीशी आणि केसपेपरशी जुळवायचे.

नाव विचारायचीही पद्धत आहे. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलंत तर ऐकू न येणारी, गुंगीतली, घाबरलेली कोणतीही बाई "हो" म्हणणार. सिस्टरला नाही कसं म्हणायचं, हीही एक रीत आहे आपल्याकडे. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू," असं विचारा. पाचव्या दिवशी त्या चिडतील, "रोज काय गं विचारतेस, विसरलीस का मला?" चिडू द्या. मी सांगते, "आजी, मी नाही विसरले, माझा हात विसरतो."

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्ण स्वतः काय म्हणतो ते. "सिस्टर, रोज पांढरी गोळी असते, आज गुलाबी कशी?" हे वाक्य ऐकलं की हात तिथेच थांबला पाहिजे. दहातल्या नऊ वेळा कंपनी बदललेली निघते. बाहेरच्या मेडिकलमध्ये तो ब्रँड नसतो, दुकानदार "सेम आहे" म्हणून दुसरा देतो. पण कधी तरी ती खरंच शेजारच्या कॉटची गोळी असते, किंवा ब्रँड तोच पण ताकद दुप्पट असते. "घ्या हो, डॉक्टरांनीच लिहिलंय" हे उत्तर मी माझ्या हाताखालच्या मुलींना देऊ देत नाही. स्ट्रिप उलटी करायची, मागचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचायचे, चार्टशी जुळवायचे, मग गोळी हातावर. आणि कात्री लावताना स्ट्रिपवरचं नाव आणि एक्स्पायरीच कापून टाकू नका. उरलेल्या चार गोळ्यांची ओळखच जाते.

अ‍ॅलर्जीचं विचारताना 'अ‍ॅलर्जी' हा शब्द वापराच, पण त्यावर थांबू नका. गावाकडच्या माणसाला विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" तर "नाही" म्हणतात. "कधी एखाद्या गोळी-इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं का? गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं, धाप लागली?" असं विचारलं की मग आठवतं, "हां, त्या तालुक्याच्या डॉक्टरनी दिलं होतं, तेव्हा..." हे उत्तर केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सोडला की लगेच पुढच्या कॉटकडे पळू नका. घशाशी अडकल्यासारखं झालं, दम लागला, बीपी पडलं तर मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली, १:१००० ची अँप्युल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ती अँप्युल इमर्जन्सी ट्रेमध्ये कुठल्या कप्प्यात आहे, हे ड्यूटी सुरू होतानाच बघून ठेवायचं. माणूस निळा पडायला लागल्यावर शोधाशोध नको.

आता ऑर्डर वाचणं. २०१६ साली मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांच्या नियमात बदल करून औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं घातलं. तुमच्या वॉर्डातल्या केसपेपरवर त्याचा कितपत परिणाम दिसतो ते तुम्हीच बघा. 'यू' हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात, म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायला सांगा. '.५' मधला टिंब दिसला नाही की झाले ५. '५.०' मधला दिसला नाही की ५०. तुम्ही स्वतः लिहिताना पॉइंटच्या आधी शून्य द्या, मागे लावू नका. डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्सिम आणि सेफ्टाझिडिम यांच्यात घाईच्या अक्षरात फारसा फरक उरत नाही.

अंदाज मात्र कधीही करू नका. रेसिडेंट डॉक्टरांना रात्री दोनला फोन करायला नवीन मुलींना भीती वाटते. ओरडतील, ओरडू देत. ओरडा सकाळी चहाबरोबर विरून जातो. फोनवर ऑर्डर घ्यावी लागली, तर आधी कागदावर लिहा, मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. आकडे सुटे सुटे म्हणा : "पंधरा, एक-पाच, पन्नास नव्हे ना सर?" फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी यांच्यात कानाला फरक कळत नाही. सर वॉर्डात आले की सही घ्या. तोंडी ऑर्डर ही इमर्जन्सीची सोय आहे. राऊंड चालू असताना, केसपेपर समोर असताना कोणी तोंडी सांगत असेल तर पेन पुढे करा. मी हसून करते, पण करते.

काही औषधांशी मात्र सलगी करू नका. पोटॅशियम क्लोराइड त्यातलं पहिलं. १० मिलीची अँप्युल, १५ टक्के, तिच्यात २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम या मापात मोजतात). दिसायला पाण्यासारखी, आणि कुठे कुठे डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्याच खोक्यात. ती पातळ न करता शिरेत ढकलली तर हृदय बंद पडतं, दुसरी संधी मिळत नाही. वॉर्डाच्या उघड्या ट्रॉलीवर ती नसावीच. सलाईनमध्ये घालायची तरी लटकत्या, वाहत्या बाटलीत घालू नका. औषध जड असतं, खाली बसतं आणि पहिल्या काही मिलीतच जोरात आत जातं. बाटली उतरवा, घाला, दोन-चार वेळा उलटीसुलटी करा, वर लेबल लावा : काय घातलं, किती, किती वाजता, कोणी. मग लटकवा. साध्या शिरेतून जाताना वेग तासाला साधारण १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नेत नाहीत.

हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, असंच. पाच मिलीची व्हायल मिलीला १००० युनिटची पण असते, ५००० ची पण. म्हणजे तीच बाटली, तेवढंच पाणी, आत पाच हजार युनिट किंवा पंचवीस हजार. बाटलीच्या आकारावर विश्वास ठेवणारा इथे फसतो.

लेबर रूममध्ये गेलात तर मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांची दोन मिलीची अँप्युल म्हणजे एक ग्रॅम, एवढं एक वाक्य घट्ट धरा. झटके आलेल्या बाईला पाठवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जो पहिला डोस देतात तो दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच अँप्युल. माझ्यासमोर एक मुलगी पाच मिली भरून उभी होती, कारण तिच्या डोक्यात 'पाच' एवढंच राहिलं होतं. मी तिला ओरडले नाही, फक्त अँप्युल मोजायला सांगितल्या. तिने मोजल्या आणि ओठ चावला. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी : गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय का (नी-जर्क), श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलेला नाही ना, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय ना. एकही बिघडली असेल तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. मॅग्नेशियम जास्त झालं तर त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, ट्रेमध्ये दिसेल असं.

झटक्यांवरचं फिनिटोइन डेक्सट्रोजमध्ये घालू नका, पांढरा साका बसतो, नॉर्मल सलाईनच लागतं. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक तासाभरापेक्षा कमी वेळात सोडू नका, माणूस लालेलाल होतो. अशा गोष्टी पुष्कळ आहेत, सगळ्या इथे लिहीत नाही. तुमच्या वॉर्डात जी वीस-पंचवीस औषधं रोज लागतात, त्यांची स्वतःच्या हस्ताक्षरात एक वही करा. पुस्तकातली हजार औषधं लागत नाहीत.

हिशेबाचं. गणिताची भीती घेऊनच आपल्यातल्या बऱ्याच जणी नर्सिंगला येतात, मीही त्यातलीच. पण हे चौथीचं गणित आहे, फक्त ते उभ्याने, गोंधळात करायचं असतं. आठ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. आता घरच्यांनी आणलेली बाटली बघा. पाच मिलीत २५० असलेलं सिरप असेल तर २.४ मिली. एका मिलीत १०० असलेले ड्रॉप्स असतील तर १.२ मिली. पाच मिलीत १२० वालं असेल तर पूर्ण पाच मिली. तीन बाटल्या, तीन उत्तरं. आणि 'बाळाला पाच मिली' एवढंच ऐकलेल्या आईने ड्रॉप्सचे पाच मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम गेले. म्हणून आईला 'एवढे मिली' सांगताना तिच्या हातातली बाटली बघूनच सांगा आणि ड्रॉपरवर त्या खुणेपाशी पेनाने रेघ मारून द्या.

ड्रिपचंही सांगून टाकते. ५०० मिली, आठ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट : ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, मायक्रो सेटला तो ६० असतो, तेव्हा पाकीट फेकण्याआधी वाचा. आणि नातेवाइकांना सांगून ठेवा, चाकाला हात लावायचा नाही. "लवकर संपली तर लवकर सोडतील" म्हणून सलाईन जोरात करणारे महाभाग मी पाहिलेत.

उत्तर विचित्र आलं तर तेच उत्तर तुम्हाला इशारा देतं. एका डोसला सहा अँप्युल फोडाव्या लागतायत? आठ गोळ्या? मॅग्नेशियमसारखे अपवाद सोडले तर काहीतरी चुकलंय. दुसऱ्या सिस्टरला हिशेब करायला सांगा, पण तुमचं उत्तर तिला आधी सांगू नका. सांगितलंत की ती तुमचंच उत्तर बरोबर ठरवते, माणसाचा स्वभावच आहे.

एवढं सगळं येत असूनही चूक होते ती कोणीतरी मध्येच हाक मारल्यामुळे. तुम्ही औषध भरताय आणि "सिस्टर, सलाईन संपली", "सिस्टर, बेडपॅन", "सिस्टर, डिस्चार्ज कधी?" वर काउंटरचा फोन. २०१० साली छापून आलेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दोन हॉस्पिटलांतल्या ९८ नर्सेस औषधं देत असताना शेजारी उभं राहून नोंदी केल्या होत्या. प्रत्येक व्यत्ययामागे चुका सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी वाढत होत्या. आपल्याकडे एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असताना किती होत असतील, कल्पना करा. यावर माझा उपाय साधा आहे. मी मावशींना सांगून ठेवते, "मी ट्रॉलीपाशी आहे तोवर फोन तुम्ही घ्या." आणि भरताना मोडलं, तर पुढून जोडत नाही. अर्धी भरलेली सिरिंज टाकते, पहिल्यापासून सुरू करते. औषध वाया जातं म्हणून एकदा बोलणीही खाल्ली आहेत.

भरलेल्या सिरिंजवर नाव नसेल तर ती कचरा. मग ती तुम्हीच पाच मिनिटांपूर्वी भरलेली असो. दुसऱ्याने भरलेलं तुम्ही द्यायचं नाही, तुम्ही भरलेलं दुसऱ्याला द्यायला लावायचं नाही. सही करायची ती औषध आत गेल्यावर, आधी नाही. सकाळी सहाच्या सगळ्या सह्या पाचलाच उरकण्याची पद्धत काही वॉर्डांत आहे. मग एखादा रुग्ण ओकतो, एखाद्याची शीर जाते, डोस राहतो, आणि कागद म्हणतो दिला. गोळ्या लॉकरवर ठेवून "जेवल्यावर घ्या" म्हणूनही जाऊ नका. उशीखाली आठवडाभराच्या गोळ्या सापडलेले आजोबा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बरं वाटत होतं, मग कशाला?"

आणि इन्सुलिन देण्याआधी ताट आलंय का ते बघा, हे माझं खास वेड. आज सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय का? आज चतुर्थी आहे का? एकादशी, नवरात्र, रोजे, सगळं विचारा. हॉस्पिटलात असूनही माणसं उपास धरतात आणि आपल्याला सांगत नाहीत, कारण आपण रागावू असं त्यांना वाटतं.

घरी सोडतानाची चूक तर आपल्या डोळ्यांआडच होते. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी खाली जातात, माणूस दगावतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहून भागत नाही. वार लिहायचा. "सोमवारी, फक्त सोमवारी", आणि मग विचारायचं, "काका, सांगा बघू, मंगळवारी किती?" त्यांनी "मंगळवारी नाही" म्हटलं की कागद हातात द्यायचा.

आता चूक झाल्यावर काय, ते. होणार आहे, कधी तरी. आधी रुग्णाकडे बघा : नाडी, श्वास, बीपी, शुगर, जे लागू असेल ते. डॉक्टरांना लगेच, जसं झालं तसं सांगा. उलटा उतारा असेल तो वेळेत देता येतो, पण काय गेलं हे कळलं तरच. रिकामी व्हायल, सिरिंज फेकू नका. केसपेपरवर खाडाखोड नको, व्हाइटनर तर अजिबात नको, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहून सही. मग हॉस्पिटलचा इन्सिडेंट फॉर्म असेल तो भरा. देता देता राहिलेली चूकही तिथेच लिहायची असते, ती कोणी लिहीत नाही. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद देशपातळीवर गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे होते, नर्सही ती करू शकते, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४.

लपवायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्या रात्री आजींच्या मुलाला 'वयामुळे शुगर खाली आली' असं सांगणं किती सोपं होतं. सीनियर सिस्टर आणि डॉक्टर मला बरोबर घेऊन गेले आणि खरं ते सांगितलं. तो खूप चिडला. पण सकाळी मीच आईची शुगर बघायला गेले तेव्हा त्याने मला अडवलं नाही.

अमेरिकेत टेनेसीमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये एका नर्सने मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं, रुग्ण बाई गेली. औषधाच्या यांत्रिक कपाटात तिने ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, मूळ नावाच्या यादीतून त्या अक्षरांचं दुसरंच औषध बाहेर आलं. मिडाझोलाम द्रव असतं, व्हेक्युरोनियम पावडर. तिने ती पावडर पातळ केली, टोपणावर इशारा छापलेला होता, तरी हात थांबला नाही. तिने चूक लगेच कबूल केली होती. २०२२ मध्ये तिला फौजदारी कोर्टाने दोषी धरलं आणि तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. बातमी आली तेव्हा आमच्या ड्यूटी रूममध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक ज्युनियर म्हणाली, "मॅडम, मग कबूल कशाला करायचं?" तिला मी आजींची शुगर सांगितली, ३८. मी गप्प बसले असते तर तासातासाला कोणी बघितलं नसतं, आणि पहाटे ती परत घसरली होती, ५४ झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये 'मेडिकेशन विदाउट हार्म' ही मोहीम सुरू केली, आणि १७ सप्टेंबरचा रुग्ण सुरक्षा दिवस २०२२ मध्ये याच विषयावर होता. आमच्याकडे त्या दिवशी रांगोळी स्पर्धा झाली. पाच राइटची रांगोळी पहिली आली, सुंदर होती. मी मात्र तेव्हा स्टोअरवाल्याशी भांडत होते, कारण पोटॅशियम आणि डिस्टिल्ड वॉटर परत एकाच कप्प्यात आले होते. संध्याकाळपर्यंत कप्पा वेगळा झाला.

पहिल्या नाइटला येताना खिशात निळं पेन, लाल पेन, मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि छोटा कॅल्क्युलेटर ठेवा. मोबाईल बऱ्याच ठिकाणी वॉर्डात चालत नाही. चिकटपट्टी सिरिंजांच्या लेबलसाठी. एका नाइटला अर्धं रीळ सहज संपतं, तेव्हा दोन आणा.